खाल्लेले अंगी का लागत नाही?

'पोर खाते-पिते, पण खाल्लेले अंगी लागत नाही' ही तक्रार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, आई जंतांचे औषध आणते, शेजारीण एखादे टॉनिक सुचवते आणि अंगणवाडीतल्या वजनकाट्याचा आकडा मात्र महिनोन्‌महिने तिथेच घुटमळत राहतो. घरात धान्यच नसेल तर मूल का वाळते, हे कोणी सांगायला नको. पण घास पोटात जातो आहे आणि तरीही वाढ होत नाही, तेव्हा काय समजायचे? जामखेडच्या माळापासून अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांपर्यंत नगर जिल्ह्याने हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, बोलण्यात मात्र 'नगर' अजून सुटलेले नाही.) जगातले शास्त्रज्ञ या प्रश्नाचा माग काढत गेले, तेव्हा ते पोहोचले एका अनपेक्षित ठिकाणी : प्रयोगशाळेतल्या उंदराच्या आतड्यात.

उंदीर हा आपल्या घरातला न बोलावलेला पाहुणा. गणपतीपुढे त्याला मान असला, तरी कणगीजवळ दिसला की आपण काठीच शोधतो. प्रयोगशाळेतल्या उंदराची गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एक बाई राहत असत. पूर्वी त्या शाळेत शिकवीत. हौशी लोकांसाठी त्या उंदीर पाळून विकत आणि पुढे त्यांचे उंदीर संशोधक घेऊ लागले. क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये अशाच उंदरांपासून एक वाण तयार केला. सख्ख्या भावाबहिणींचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करत गेल्यामुळे या वाणातले सारे उंदीर जणू एकमेकांची जुळी भावंडेच. हा काळा उंदीर आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. रक्त एक, खाणे एक, पिंजरा एक; मग प्रयोगाचा निष्कर्षही एकच यायला हवा, असा शास्त्रज्ञांचा हिशेब होता. त्या हिशेबात एक गोष्ट धरायची राहून गेली होती. ती म्हणजे उंदराच्या पोटात राहणारे अब्जावधी जीवाणू.

जंतूंशिवाय जगून पाहिले

जीवाणू म्हटले की आपल्याला पटकी, विषमज्वर, क्षय आठवतो. पण आपल्या शरीरात, विशेषतः मोठ्या आतड्यात, कायम मुक्काम ठोकून असलेल्या जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी आहे, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू जवळजवळ सारखेच! या सर्व भाडेकरूंचे वजन जेमतेम पावशेराच्या आसपास भरते.

हे भाडेकरू नसतील तर काय होईल? १८८५ मध्ये लुई पाश्चरने मत मांडले होते की, जंतूंवाचून प्राण्याला जगताच येणार नाही. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटॉल आणि थिअरफेल्डर या दोघांनी गिनीपिगचे पिल्लू आईचे पोट उघडून बाहेर काढले, निर्जंतुक पेटीत ठेवले, निर्जंतुक दूध पाजले आणि ते काही दिवस जगवून दाखवले. पुढे याच मार्गाने 'निर्जंतुक उंदीर' तयार झाले. प्लॅस्टिकच्या बंद तंबूत त्यांचा जन्म, तिथेच संसार आणि तिथेच शेवट. हवा गाळलेली, दाणापाणी उकळलेले, आणि माणसाचा हात लागायचा तोही तंबूला जोडलेल्या लांब रबरी हातमोज्यांतून.

हे उंदीर जगतात, पण कसे? अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये याचे चोख मोजमाप दिले. साध्या उंदरांच्या अंगावर निर्जंतुक उंदरांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक चरबी होती. आणि गंमत अशी की, साधे उंदीर खात होते कमी! अधिक खाणारा निर्जंतुक उंदीर मात्र सडपातळच. त्याच्या पोटात साध्या उंदराचे जीवाणू सोडले, तेव्हा दोन आठवड्यांतच त्याच्या अंगावर चरबी चढली आणि त्याचे खाणे कमी झाले.

आजीच्या भाषेत सांगायचे तर, निर्जंतुक उंदराच्या 'खाल्लेले अंगी लागत नव्हते'. कारण सरळ आहे. धान्याचा कोंडा, डाळींची सालपटे, भाज्यांचे तंतू आपल्या जठराला किंवा लहान आतड्याला पचत नाहीत. ते तसेच पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात. इडलीचे पीठ आंबावे तसा हा प्रकार. त्यातून निघणारी सौम्य आम्ले आतड्याच्या पेशींचे अन्न बनतात आणि शरीरालाही ऊर्जा देतात. चुलीवर एकदा शिजलेले अन्न पोटात जणू दुसऱ्यांदा शिजते. शिवाय हे जीवाणू काही जीवनसत्त्वे बनवतात आणि रोगजंतूंना बसायला जागा ठेवत नाहीत.

नाव एक, पोट वेगळे

या भाडेकरूंनी शास्त्रज्ञांची एकदा चांगलीच फजिती केली. न्यूयॉर्कमधल्या डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या अस्तराशी पहारा देणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या संरक्षक पेशींचा अभ्यास चालू होता. अमेरिकेत उंदीर पुरवणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. वाण तोच, पण एका संस्थेकडून आलेल्या उंदरांच्या आतड्यात या पेशी भरपूर आणि दुसरीकडून आलेल्यांत जवळजवळ नाहीतच! रक्तात फरक नाही, खाण्यात फरक नाही. दोन्हीकडचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा ज्यांच्यात पेशी नव्हत्या त्यांच्यातही त्या दिसू लागल्या. उंदरांना एकमेकांच्या लेंड्या खाण्याची सवय असते. त्यामुळे एका पिंजऱ्यात राहणाऱ्यांचे जीवाणू लवकरच एकसारखे होतात. शोधाअंती २००९ मध्ये गुन्हेगार सापडला : आतड्याच्या भिंतीला चिकटून राहणारा, दोऱ्यासारखा लांब, कांडी-कांडीचा एक जीवाणू. एका संस्थेच्या उंदरांत तो होता, दुसरीच्या नव्हता.

या एका शोधाने साऱ्या प्रयोगशाळांना विचार करायला लावले. औषध लागू पडले की पडले नाही, रोग झाला की टळला, याचे कारण औषधात आहे की पिंजऱ्यातल्या जीवाणूंत, हे आता आधी तपासावे लागते. कोणत्या संस्थेचा उंदीर, कोणत्या खोलीतला, कोणासोबत राहिलेला, याची नोंद ठेवावी लागते. पोटातली वस्ती बदलली की प्राणीच बदलतो, हा धडा त्यातून मिळाला. मग हाच धडा कुपोषित मुलांना लावून पाहिला तर?

मलावीतली जुळी भावंडे

आफ्रिकेतल्या मलावी देशात मक्याच्या पिठावर गुजराण असते. तिथल्या ३१७ जुळ्यांच्या जोड्यांवर संशोधकांनी जन्मापासून तीन वर्षांची होईपर्यंत नजर ठेवली. घर एक, आई एक, ताटही एकच. तरी काही जोड्यांत एक मूल धडधाकट राहिले आणि दुसऱ्याला अंगावर सूज आणणारे तीव्र कुपोषण झाले. अशा भावंडांच्या विष्ठेतले जीवाणू निर्जंतुक उंदरांच्या पोटात सोडण्यात आले आणि त्या उंदरांना मलावीतल्यासारखेच जेवण दिले गेले. आजारी भावंडाचे जीवाणू मिळालेल्या उंदरांचे वजन झपाट्याने घसरले. निरोगी भावंडाचे मिळालेले उंदीर तितके खालावले नाहीत.

त्यानंतर उंदरांना शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट दिली, तीच जी तीव्र कुपोषित मुलांना औषध म्हणून देतात. उंदीर सावरले. पण पुन्हा मक्याच्या जेवणावर आणताच मूळ पदावर गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. एक म्हणजे, दोष एकट्या अन्नाचा नाही आणि एकट्या जीवाणूंचाही नाही. निकृष्ट अन्न आणि बिघडलेली वस्ती यांची गाठ पडली की मूल ढासळते. दुसरी, चार आठवडे चांगले खाऊ घातले म्हणजे काम संपले असे नव्हे.

याच गटाने पुढे बांगलादेशातल्या शास्त्रज्ञांबरोबर ढाक्याच्या मीरपूर वस्तीतली मुले अभ्यासली. निरोगी बालकाच्या पोटातले जीवाणू वयाबरोबर बदलतात. दूधपित्या बाळाचे वेगळे, वरण-भात खाऊ लागलेल्याचे वेगळे. कुपोषित मुलांत ही वाढ अडलेली दिसली. मूल दीड वर्षाचे, पण पोटातली वस्ती जणू सहा-आठ महिन्यांच्या बाळाची. मग प्रश्न आला : कोणता घास दिला तर ही वस्ती वयात येईल? एकेक पदार्थ मुलांना देऊन बघणे शक्य नव्हते. ते काम उंदरांनी आणि डुकराच्या पिलांनी केले. अनेक पदार्थ पारखून शेवटी चार उरले. त्यांची नावे ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही सुगरणीला हसू येईल : हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी!

२०२१ मध्ये याची परीक्षा प्रसिद्ध झाली. मध्यम कुपोषित अशा १२३ मुलांना दोन गटांत विभागून तीन महिने आहार दिला; एका गटाला तांदूळ-डाळीचा नेहमीचा पूरक आहार, दुसऱ्याला हा नवा. नव्या आहारात उष्मांक कमी होते, तरी त्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. म्हणजे किती खाल्ले एवढेच मोजून भागत नाही. ज्यांना ते शिजवायचे आहे, त्या पोटातल्या आचाऱ्यांना काय मिळाले, हेही पाहावे लागते.

पाण्याची बाजू

अन्नाची बाजू झाली. पण कुपोषित मुलाचे आतडे आणखी एका गोष्टीने मार खाते, ती म्हणजे घाण पाणी. घाणीचा रोज थोडाथोडा शिरकाव होत राहिला की आतड्याच्या आतली मखमल झिजते आणि अन्न शोषले जात नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१५ मध्ये हेच उंदरात घडवून दाखवले गेले. पिल्लांना प्रथिने व स्निग्धांश कमी असलेले अन्न दिले आणि वर विष्ठेत आढळणाऱ्या ठरावीक जीवाणूंचे मिश्रण वारंवार पाजले. उपाशीपणा आणि घाण यांची जोडी जमली आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांत दिसते तसे झिजलेले आतडे उंदरात तयार झाले.

हे वाचताना नगर जिल्ह्यातल्या माणसाला जामखेड आठवल्याशिवाय राहणार नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. सोबत अमेरिकेतले सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण होते. गाठ पडली ती दुष्काळाशी. गावकऱ्यांना दवाखान्याआधी हवे होते अन्न आणि पाणी. आरोळ्यांनी ते ऐकले. मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, हातपंप बसले, आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. मुलांचे वजन करणे, हगवण लागली तर मीठ-साखरेचे पाणी पाजणे, बाळाला सहा महिन्यांच्या सुमारास वरचे अन्न सुरू करणे, ही कामे त्या करू लागल्या.

जामखेडच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आतड्यातल्या जीवाणूंची यादी त्या सेविकांपुढे नव्हती. पण अन्न आणि स्वच्छ पाणी दोन्ही एकदमच द्यावे लागते, एकाने भागत नाही, हे त्यांच्या कामातच होते. कॅनडातल्या उंदराने त्यामागचे एक कारण नंतर उघड केले.

हरवलेले बियाणे, हरवलेले जीवाणू

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोले तालुक्यात जाऊ. पण त्याआधी उंदराचा एक शेवटचा प्रयोग. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जस्टिन व एरिका सोनेनबर्ग यांनी उंदरांच्या पोटात माणसाचे जीवाणू वसवले आणि त्यांना चोथा नसलेले, मऊसूत अन्न द्यायला सुरुवात केली. पहिल्या पिढीत जीवाणूंच्या काही जाती घटल्या. चोथ्याचे अन्न पुन्हा दिल्यावर त्यातल्या बऱ्याच परतल्या. पण तेच मऊ अन्न पिल्ले, नातवंडे, पतवंडे असे चालू ठेवले, तेव्हा दर पिढीत काही जाती कायमच्या गळत गेल्या. चौथ्या पिढीला चोथा दिला तरी त्या आल्या नाहीत. आईकडून पिल्लाला मिळायलाच काही उरले नव्हते. हरवलेले जीवाणू बाहेरून आणून घातले आणि सोबत चोथाही दिला, तेव्हाच वस्ती पुन्हा भरली. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट बियाण्याची वाटते ना? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. संकरित बियाणे घरोघर आले, तसे वाल, घेवडा, नागली, वरई, भात यांचे जुने वाण शेतातून नाहीसे होऊ लागले. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी ते हुडकून, पेरून, मडक्यात राखेत जपून ठेवले. 'बायफ' संस्थेच्या मदतीने घरीच बियाण्याची बँक उभी केली. बियाणे एकदा गावातून गेले की नुसती जमीन सुपीक असून उपयोग नाही, कोणीतरी ते आणून द्यावे लागते. पोटातल्या वस्तीचेही तसेच आहे.

आणि दोन्हींचा संबंध नुसत्या उपमेपुरता नाही. ताटात जितक्या प्रकारचे धान्य, कडधान्य, शेंगभाजी, तितके पोटातल्या निरनिराळ्या जीवाणूंना खाद्य. भारतीयांच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केला. धान्याचा चोथा पचवणारा 'प्रिव्होटेला' नावाचा जीवाणू आपल्याकडे भरपूर आढळतो. भाकरी-कडधान्याच्या देशात तो रुजला, यात नवल नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

इथे थोडे थांबायला हवे. उंदराच्या पोटात जे घडले ते आपल्या पोटात घडेलच, असे समजणे धोक्याचे. उंदराचे आंत्रपुच्छाजवळचे आतडे शरीराच्या मानाने फार मोठे असते, तो लेंड्या खातो आणि जन्मभर एकच गोळी-खाद्य चघळतो. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर अति स्वच्छ. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी रानातल्या उंदरांचे जीवाणू प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिले. मग दोन्ही प्रकारांना इन्फ्लुएंझाची लागण केली. रानजीवाणू असलेले ९२ टक्के उंदीर वाचले; नेहमीचे वाचले फक्त १७ टक्के. इतक्या नाजूक प्राण्यावर औषधाची परीक्षा घेतली तर फसगत होऊ शकते. २००६ मध्ये लंडनला असेच झाले. प्राण्यांत निर्धोक ठरलेले एक औषध सहा निरोगी तरुणांना टोचले आणि सहाही जण अत्यवस्थ झाले. पुढे रानटी उंदरिणीच्या पोटी वाढवलेल्या प्रयोगशाळेतल्या वाणावर ते तपासले, तेव्हा त्या उंदरांनी धोक्याची खूण दाखवली. ती नेहमीच्या उंदरांनी दाखवली नव्हती.

म्हणून उंदराने वाट दाखवावी आणि माणसावरच्या काटेकोर चाचणीने ती पक्की करावी, हाच रस्ता. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बालकांवर अशी चाचणी झाली. एक निवडक जीवाणू आणि त्याचे खाद्य आठवडाभर पाजल्यावर रक्तदोष आणि मृत्यू यांचे एकत्र प्रमाण नऊ टक्क्यांवरून साडेपाचच्या आत आले. २०१७ मध्ये हे जगापुढे आले. पण ती एका निवडलेल्या जीवाणूची, निरोगी बाळांवरची, देखरेखीखालची गोष्ट होती. तिच्या जोरावर दुकानातली कुठलीही 'जीवाणूंची पुडी' आणून तान्ह्या बाळाला चाटवावी, असा अर्थ कोणी काढू नये.

मग घरात काय करावे? उत्तर महाग नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. त्यात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. निसर्गाने त्या बाळासाठी नव्हे, बाळाच्या जीवाणूंसाठी ठेवल्या आहेत. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भाताच्या जोडीला हळूहळू डाळीचे पीठ, बारीक कुटलेले शेंगदाणे, नागलीची पेज, हंगामी भाजी, केळे. गिळताना घास अडकणार नाही एवढे सारे बारीक आणि मऊ करून. साध्या सर्दीला उगाच अँटिबायोटिक मागू नये, कारण ते रोगजंतूंबरोबर भाडेकरूंनाही हुसकावते. पण डॉक्टरांनी दिले तर पुरे घ्यावे. पिण्याचे पाणी झाकलेले, हात साबणाने धुतलेले. आणि मूल दोन महिने वजन धरत नसेल, अंगावर सूज दिसत असेल, तर दृष्ट काढण्यात वेळ न घालवता अंगणवाडी ताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तीव्र कुपोषण घरच्या लाडवाने बरे होत नाही. तिथे उपचारच लागतात.

लाडवावरून आठवले. शेंगदाणे, भाजलेले हरभरे आणि गूळ एकत्र कुटून केलेला लाडू आपल्याकडच्या किती घरांत होतो! ढाक्याच्या शास्त्रज्ञांनी निवडलेल्या चार पदार्थांपैकी दोन त्यात आहेत. त्यासाठी अनेक उंदरांना पिंजऱ्यात आयुष्य काढावे लागले, हे विसरून चालणार नाही. पण आपल्या माळ्यावरच्या डब्यात काय आहे, हे ओळखायला त्या मुक्या जिवांनी मदत केली. लाडू कशाकशाला पुरतो हे एखादा डॉक्टर आपल्याला सांगेल. तो वेळेवर पोराच्या हातात ठेवणे मात्र घरच्यांनाच करावे लागेल.